ज्यानं फोडलं त्यानं बुजवावं

सरिता खिल्लारेशी वाद घालायचा असेल तर घरून जेवून जावं, असं वसमतच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सांगतात. एक तर वाद लवकर मिटत नाही आणि दुसरं म्हणजे ती मध्ये चहासुद्धा विचारत नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर एक खोली आहे, लोखंडी जिन्यानं वर जायचं. तिथं दोन कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि सरिता. शाळांचे निकाल, हळदीच्या गोदामांतली आवक-जावक, लग्नाच्या हॉलचं बुकिंग, लागेल त्याला लागेल तसा प्रोग्राम ती लिहून देते. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, एवढं बारीक कशाला बघता?" की तिचा पारा चढतो.

तिची आई कमलबाई म्हणते, हे लेकरू बोलायला लागलं तेव्हा पहिला शब्द 'माय' नव्हता, 'काहून' होता, म्हणजे 'का'. कमलबाई थोडं वाढवून सांगते, पण फार नाही. गाव वसमतपासून जवळ, सिद्धेश्वरच्या कालव्याची चारी, म्हणजे रानांना पाणी देणारा छोटा पाट, गावच्या शिवारातून जाते आणि त्या चारीच्या अगदी शेवटाला खिल्लाऱ्यांचं रान. चारीच्या टोकाला कुणाची रानं असायची हे आपल्याकडं कुणाला विचारावं लागत नाही. सरिताचे वडील ग्यानोबा जिवंत असेपर्यंत या टोकाला उभे राहून वर बघत आले. वर म्हणजे आभाळाकडं नव्हे, चारीच्या वरच्या अंगाला.

सरिताचं नांदेडला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. तिथली कंपनी मोजमापाच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायची. एकदा आकडेमोडीतला कुठलासा बारीक फरक दाखवायला गेली तर साहेब हसून म्हणाले, "एवढं कोण बघतं?" सरिता म्हणाली, "मी बघते." त्या दोन शब्दांनी तिची बढती अडली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही असं ती सांगते, आणि ते खोटं आहे. वाईट वाटलं होतं, पण ते शब्द मागं घ्यावेत असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही. पुढं लॉकडाऊन लागलं, ती गावी आली, तोवर ग्यानोबा गेले होते, आणि परत जायचा विषय निघाला की तीच "काहून?" म्हणायची.

गावात पाणी वापर संस्था आहे. अध्यक्ष उकंडराव. वरच्या अंगाचे मोठे शेतकरी, माणूस गोड, उगाच कुणाच्या वाटेला न जाणारा. चारीला पाणी आलं की कुणी किती वेळ घ्यायचं यावरून दर हंगामात डोकी फुटायची वेळ यायची. त्यांनी सरिताला बोलावून घेतलं. "पोरी, तू कम्प्युटरवर बसवून दे. माणसानं वाटलं की भांडण होतं. मशीननं वाटलं तर कुणाला बोलणार?"

सरितानं बसवून दिलं. ज्याचं जेवढं रान तेवढा त्याचा वेळ, पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यात. वरच्या शेतापासून सुरुवात, टोकाला शेवट. ज्याची त्याची वेळ ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. गावानं तिचं कौतुक केलं. भांडणं थांबली.

थांबली म्हणजे एक सोडून बाकीची.

टोकाला पाणी पुरेना. कमलबाईच्या पाळीची सुरुवात बराबर व्हायची, पाणी भरून यायचं, आणि पाळी संपायच्या दोन-अडीच तास आधीच चारीतलं पाणी बारीक होत होत आटून जायचं. हळदीचे गड्डे भरायच्या दिवसांत शेवटच्या सऱ्या कोरड्या राहायच्या. असे तीन हंगाम गेले. वरच्या अंगाला शेजारी आशाबाईचं रान. पाळीत ती कमलबाईच्या लगेच आधी. तिचंही रान बेताचंच, आणि तीही एकटीच करते. कमलबाईनं सरळ हिशेब केला: माझ्या पाळीत पाणी कमी होतं म्हणजे शेजारीण मागून बारं फोडते. बारं म्हणजे चारीच्या बांधाला पाडलेलं खिंडार, ज्यातून पाणी आपल्या रानात घ्यायचं.

कमलबाई पोटात ठेवणारी बाई नव्हे. तिनं चारीवर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात, जिथं माणसं भेटली तिथं आशाबाईला चोर म्हटलं. ऐकणारे हसले. वरच्यांना बरंच होतं, टोकाच्या दोन बाया भांडतायत तोवर त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"तुजा तो मशीन काय म्हणतो?" कमलबाई विचारायची.

"मशीन बराबर हाय, माय," सरिता सांगायची. हे ती छातीठोक सांगायची, कारण तिनं एकेकाची वेळ तपासली होती आणि एकेकाच्या वेळेतला फरक खरंच पाच मिनिटांच्या आत होता.

चौथ्या हंगामात, पौषातल्या पाळीला, कमलबाईनं ठरवलं की या वेळी आशाबाईला रंगेहाथ धरायचं. साक्षीदार म्हणून लेकीला ओढून नेलं. पाणी बारीक व्हायला लागलं तशी दोघी चारीच्या कडेकडेनं वर निघाल्या. ऊन चढलं होतं. आशाबाईच्या बांधाशी पोचल्या तर ती बाई बांधावर बसून भाकरी खात होती आणि तिचं बारं बंद होतं. नुसतं बंद नाही, वर चिखलाचा गिलावा थापून, त्यावर दगड बसवून, पोत्यानं दाबून. खालची माती कोरडी ठणठणीत.

कमलबाई वाकली, हातानं माती चाचपली.

आशाबाईनं भाकरी बाजूला ठेवली. "चाचप. आणखी चाचप. आपल्या चारीचा कायदा मला ठाऊक न्हाई काय? ज्यानं फोडलं त्यानं बुजवायचं. माझी पाळी झाली, माझ्या हातानं बुजवलं, दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई. आता ज्यानं फोडून तसंच ठेवलं त्याला हुडका जाऊन. माझ्या बांधावर परत येऊ नका."

हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण त्या चारीवर लहान पोरालाही माहीत असतो. आपली पाळी संपली की बारं आपणच बंद करायचं, चारीतला आडवा बांध आपणच काढायचा, पाणी होतं तसं सरळ वाटेला लावायचं आणि मगच घरी जायचं. पुढचा येईल आणि बघेल, असं म्हणायचं नाही. कारण पुढच्याला कळतच नाही की पाणी मागं कुठं वळलंय. त्याला फक्त आपल्याकडं कमी आलेलं दिसतं.

सरिता तिथंच उभी राहिली. आई निघून गेली तरी उभी राहिली. मग जवळजवळ धावतच वसमतची गाडी धरायला निघाली.

खोलीवर येऊन तिनं जे करायचं राहिलं होतं ते केलं. एकेकाची वेळ तपासली होती, सगळ्यांच्या वेळांची बेरीज कधी केली नव्हती. बेरीज केली तर ती कालव्याला पाणी असतं त्या एकूण वेळेपेक्षा मोठी निघाली. कालवा बंद व्हायची वेळ आधी येत होती, शेवटच्या माणसाची पाळी नंतर संपत होती. चारीत शिल्लक पाणी थोडा वेळ वाहत राहायचं, म्हणून ते एकदम तुटायचं नाही, बारीक होत जायचं. चोरी झाल्यासारखं.

मग तिनं स्वतः लिहिलेल्या ओळी वरून खाली वाचायला घेतल्या, आणि तिला ते बारं सापडलं.

गोष्ट साधी आहे. कॉम्प्युटरजवळ आकडा लिहायला जागा मोजकी असते. एकाचे तीन भाग करा म्हटलं तर पूर्ण उत्तर त्याला लिहिता येत नाही, कुठंतरी तोडावंच लागतं. पाच मिनिटांच्या टप्प्यात बसवायचं म्हटलं तरी तेच. तोडताना वाटा चार: जवळ पडेल तिकडं, नेहमी वर, नेहमी खाली, किंवा शून्याच्या बाजूला. काही सांगितलं नाही तर मशीन जवळची वाट धरतं, त्यात कुणाचं थोडं वाढतं, कुणाचं थोडं घटतं, एकूण जमून जातं. पण सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही वाट बदलता येते. आणि गोम इथंच आहे. एकदा 'वर जा' म्हणून कळ फिरवली की ती तशीच फिरलेली राहते. पुढचे सगळे हिशेब वरच जात राहतात, जोवर कुणी हातानं कळ पूर्वपदावर आणत नाही. मशीन आपणहून आणत नाही. विचारतही नाही.

चारीत किती पाणी मुरतं त्याचा अंदाज सरितानं वर ओढला होता, आणि ते बरोबरच होतं. मुरणारं पाणी कमी धरलं तर लोकांना खोटा शब्द दिल्यासारखं होईल. त्यासाठी तिनं कळ वर फिरवली, अंदाज काढला, आणि तशीच पुढं निघून गेली. पुढं पाळीच्या वेळा निघाल्या त्या सगळ्याच वर सरकल्या. कुणाची एका मिनिटानं, कुणाची चार मिनिटांनी. वरच्या अंगापासून प्रत्येकानं थोडं थोडं जास्त घेतलं, कुणालाही ठाऊक नसताना. सगळ्यांचं मिळून झालेलं ते जास्तीचं, शेवटच्या माणसाच्या पाळीतून गेलं. शेवटचा माणूस म्हणजे तिची आई.

दुरुस्ती तीन ओळींची होती. कळ आधी कुठं होती ते लक्षात ठेव, वर फिरव, काम झालं की होती तिथं परत आण. फोड, भिजव, बुजव. तीन वर्षं ज्या चारीवर तिची आई भांडली त्या चारीचा कायदा तिनंच मोडला होता. सरिता रडली नाही. तिनं त्या तीन ओळी लिहिल्या. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आशाबाईची आठवण आली, त्या भाकरीची.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं.

"म्हंजे आशा न्हाई?" कमलबाई म्हणाली.

"न्हाई, माय. मी."

कमलबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तिच्या पोरीच्या लग्नाला गेले न्हाई मी. हळदीच्या दिवशी घरापुढून वाजत गेले, मी कवाड लावून घेतलं." मग लेकीकडं बघून म्हणाली, "तुला कुणी सांगितलं व्हतं वर वर जायला?"

"कुणी न्हाई."

"मग आता नीट कर. आणि सांग सगळ्यांना. मी सगळ्यांसमोर बोलले व्हते, तू बी सगळ्यांसमोर सांग."

नवीन वेळा मोबाइलवर जायच्या आधी सरितानं उकंडरावांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी स्वतः लोखंडी जिना चढून वर आले. ऐकून घेतलं. माणूस गोड होताच.

"हे बघ पोरी. चुकी झाली, माणूस हाय. नीट करून टाक गुपचूप. एका हंगामात थोडं, पुढच्यात थोडं. कुणाच्या ध्यानात बी येणार न्हाई. तुजी अब्रू राहील, संस्थेची बी राहील."

"आणि आशामावशीची?"

"तिचं काय? बायांची भांडणं. एवढं कोण बघतं?"

"मी बघते," सरिता म्हणाली. "मीटिंग बोलवा, काका. न्हाई बोलवली तर नव्या वेळा मी तशाच पाठवते, आणि काहून बदलल्या ते बी खाली लिहिते."

उकंडराव उठले. जिन्यात थांबून म्हणाले, "तुजा बाप असा नव्हता."

"बापानं वर बघण्यात जन्म घालवला, काका. म्हणून मी अशी हाय."

मीटिंग संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. वरच्या अंगाची माणसं पुढं, टोकाची मागं, बाया भिंतीला. हे बसणं कुणी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप चारीसारखंच झालं होतं. सरिता उभी राहिली आणि तिनं पाल्हाळ न लावता सांगितलं: चूक माझी. तीन हंगाम प्रत्येकाला थोडी जास्त मिनिटं गेली, ती टोकातून गेली. कुणी चोरी केली नाही. आता वेळा दुरुस्त केल्यात, बऱ्याच जणांच्या कमी होतील.

शेडमध्ये एकच गलका झाला. मधल्या अंगाचा वैजनाथ, बोलण्यात सगळ्यांच्या पुढं, उठून उभा राहिला. "चुकी तुजी, मग आमची पाळी काहून कापून राहिली?"

"ती तुमची नव्हती म्हणून."

"तीन साल चाललं ना? सवय झाली आता. पाच मिनटांनी असा काय फरक पडतो?"

"फरक पडत न्हाई तर सोडा की मग."

मागं कुणीतरी हसलं. वैजनाथ लाल झाला. "सरळ सांग ना, सोताच्या रानात पाणी न्यायचं हाय. परोग्राम तुजा, रान बी तुजं. आमाला शिकवून राहिली!"

सरिताला हेच वाक्य येणार हे माहीत होतं. रात्रभर तिनं त्याला उत्तरं शोधली होती, सगळी नम्र. त्यातलं एकही तिला आता आठवेना, आणि आठवलं नाही ते बरंच झालं.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याच रानात न्यायचं हाय. माझ्या हक्काचं हाय ते. टोकाला रान हाय म्हणून मी लाजू का? तुमचं रान वर हाय म्हणून तुमी कधी लाजले? पाच मिनटाच्या टप्प्यात बसवायचं म्हणलं की कुणाचं तरी थोडं मरतंच. पण कुणाचं मारायचं ते मशीन ठरवत न्हाई, दादा. माणूस ठरवतो. तीन साल मी न बघता ठरवलं. आता बघून ठरवून राहिले. तुमाला जुन्याच वेळा पाहिजेत तर दुसरा माणूस आणा. माझ्या हातून ते चालणार न्हाई."

उकंडरावांनी दोन्ही हात वर केले. "भांडू नका. संस्था हाय, रीत हाय. हात वर करून ठरवू. जुन्या वेळा ठेवा म्हणणारे..."

हातांचा हिशेब सगळ्यांना ठाऊक होता. वरची आणि मधली माणसं जास्त, टोकाची मूठभर. हे पाणी पुन्हा जाणार, आणि या वेळी ठरवून जाणार.

"थांबा," भिंतीकडून आवाज आला. आशाबाई उठली होती. पदर खोचून, बांधावर उभी राहते तशी. "हात वर करायच्या आधी माझं ऐका. तीन साल मला चोर म्हणले. कमलबाई म्हणली, आणि तुमी सगळे हसले. वैजनाथ, तू तर माझ्या पोरीच्या सासरच्यापुढं हसला. आता ही पोरगी सांगून राहिली की जास्तीची मिनटं सगळ्यालाच येत व्हती. मला बी येत व्हती. म्हंजे मी चोर असंन तर इथं बसलेला एकूण एक चोर हाय. मला ती मिनटं नगंत. माझी आज आत्ता कमी करा. आता तुमच्यात ज्याला ठाऊक असून बी ती पाहिजेत, त्यानं हात वर करावा. पण सोताचं नाव मोठ्यानं घेऊन करावा. मी बघते."

वैजनाथचा हात अर्धा वर गेला होता, तो त्यानं टोपीकडं नेला आणि टोपी सारखी केली. उकंडरावांनी एकवार सगळ्यांकडं बघितलं, स्वतःचे वर केलेले हात खाली घेतले आणि म्हणाले, "हात न्हाई दिसत. मग नव्या वेळा."

सरितानं आईकडं पाहिलं. कमलबाई मान खाली घालून बसली होती.

पुढची पाळी आली. सरिता खोलीला कुलूप लावून रानात गेली. प्रोग्राम नीट झालाय हे तिला ठाऊक होतं, पण या वेळी तिला पाणी बघायचं होतं. दुपार कलली तेव्हा आशाबाईनं आपलं बारं बुजवलं, चारीतला आडवा बांध काढला आणि पाणी टोकाकडं सोडलं. कमलबाई चारीच्या या अंगाला उभी होती, हातात नेहमीसारखा मोबाइल, वेळ बघायला.

"बघ," आशाबाई म्हणाली. "टायमात सोडलं का न्हाई, बघून घे."

कमलबाईनं मोबाइल कमरेला खोचला. "उन्हात दिसत न्हाई मला."

सरिताची आई अजून दिवेलागणीला सुईत दोरा ओवते.

"मी माफ केलेलं न्हाई," आशाबाई म्हणाली.

"मी अजून मागितली कुठं? पाणी होऊ दे. मग तुज्या दारात येते, आळीतल्या सगळ्यांसमोर मागते."

"चहा मिळणार न्हाई."

"नको देऊ."

एवढं बोलून आशाबाई घरी गेली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण ती गेली नाही. बांधावर टेकून बसली आणि पाण्याकडं बघत राहिली. पाणी सरी-सरीनं पुढं गेलं. मागच्या तिन्ही वर्षी ज्या सऱ्यांशी येऊन ते हाय खायचं त्या सऱ्या ओलांडून पुढं गेलं, बांधाच्या अगदी कोपऱ्यातल्या हळदीला लागलं, आणि तरी चारीत तसंच भरून येत राहिलं.

पाळी संपली. कमलबाईनं लेकीकडं हात केला. "फावडं दे."

सरिताला क्षणभर कळलं नाही. टोकाच्या पुढं कुणाचंच रान नाही, नुसता ओढा आहे. बारं कुणासाठी बुजवायचं? आणि मग तिच्या लक्षात आलं की तीन वर्षांत आईनं हे एकदाही केलेलं नाही. करायची वेळच आली नव्हती. बुजवायच्या आधीच पाणी आटलेलं असायचं.

तिनं फावडं दिलं. कमलबाई पाण्यात उतरली आणि आपलं फोडलेलं बारं आपल्या हातानं बुजवू लागली.